दागिने घरी कसे ठेवावेत? चांदी काळी, मोत्यांवर चरे आणि चेनचा गुंता

रानजाई
मंडळी, दागिने घरात नीट ठेवायचे म्हणजे नक्की कसे, कुणी सांगेल का? माझ्याकडे एकच मोठा बॉक्स आहे, आतून वेलवेट लावलेला, झाकणाला आरसा आणि खाली एक मोठा कप्पा, सगळं त्यातच. सोन्याच्या बारीक चेन, एक हिऱ्याची अंगठी, मोत्यांचा दोन पदरी सर, चांदीचं कडं आणि चेन, ओपलचं पेंडंट, शिवाय कानातली बरीच. परवा सगळं बाहेर काढून बघितलं तर चांदी काळी पडलीय, पण सगळीकडे सारखी नाही, कड्यावर एका ठिकाणी पट्टा ओढल्यासारखं गडद झालंय. मोत्यांवर उजेडात धरलं की बारीक चरे दिसतात. आणि दोन चेन एकमेकींत अशा अडकल्यात की सुटायचं नाव नाही. नेटवर वाचावं तर कुणी म्हणतं हवाबंद ठेवा, कुणी म्हणतं हवा लागू द्या, नक्की काय करायचं? चपलांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून ठेवल्यात, त्या टाकून देऊ का बॉक्समध्ये?

टिचकी
हवाबंद डबा घ्या, सिलिका जेल टाका, विषय संपला.

खटपट्या
@रानजाई, त्या कड्याला कधी रबर बँड लावून ठेवला होता का? पट्टा ओढल्यासारखा डाग म्हटलं की पहिला संशय त्याचाच. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालतात आणि चांदीचं आणि गंधकाचं जमलं की सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, तीच ती काळी पुटं. आधी पिवळसर दिसतं मग तपकिरी मग काळं. हवेतसुद्धा हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असतोच, त्यामुळे उघड्यावरची चांदी हळूहळू काळवंडतेच, आणि दमट हवेत भरभर. लोकरीच्या कापडातही गंधक असतं, फेल्टमध्ये बरेचदा लोकरच असते, वर्तमानपत्राचा कागदही नको. त्यामुळे बॉक्सच्या आतलं अस्तर कशाचं आहे तेही बघा, वेलवेट सुती आहे का सिंथेटिक आणि मागे डिंक कसला लावलाय, कारण बॉक्स दिसायला झकास असतो आणि आतून तोच चांदी खातो.

चांदीसाठी हवाबंद बरोबर आहे. एक वस्तू एक पिशवी, हवा दाबून बाहेर काढायची आणि मग झिप लावायची. पिशवी पॉलिथिनची घ्या, मऊ पीव्हीसीची नको. पीव्हीसी ओळखायला सोपं आहे, नवीन असताना उग्र वास मारतं आणि जुनं झालं की हाताला चिकट लागतं, त्यातून जे झिरपतं ते धातूला चांगलं नाही. आत अँटी टार्निश पट्टी (काळं पडणं रोखणारी) टाकली तर उत्तमच, ती गंधकाचा वायू स्वतःकडे ओढून घेते पण कायमची टिकत नाही, पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदलावी लागते.

आणि त्या चपलांच्या पुड्या. सिलिका जेल फक्त ओलावा शोषतं, गंधकाचं त्याला काही नाही. शिवाय तुमच्या पुड्या खोक्यातच पोटभर पाणी प्यायलेल्या असणार. रंग बदलणारे दाणे मिळतात ते घ्या, नारिंगी असताना कोरडे आणि हिरवे झाले की भरले, म्हणजे निदान कळतं तरी. साधी पांढरी पुडी बाहेरून काहीच सांगत नाही.

निळी_शाई
@टिचकी विषय कसला संपतोय :) चांदीला जे मानवतं ते मोत्याला मारतं. रानजाईच्या बॉक्समध्ये नेमकं दोन्ही आहे म्हणून तर दोन्ही सल्ले वाचून तिचा गोंधळ झालाय, आणि दोन्ही सल्ले बरोबरच आहेत, फक्त वेगवेगळ्या वस्तूंसाठी.

मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे पातळ पातळ थर आणि त्यांना धरून ठेवणारं एक प्रोटीन, त्यात थोडं पाणीही असतं. सिलिका जेल घालून हवाबंद पिशवीत वर्षानुवर्षं कोंडला तर तो सुकतो, निस्तेज होतो, कधी वरच्या थराला तडा जातो. ओपलचं तर आणखी नाजूक काम आहे, त्यात साधारण ३ ते १० टक्के पाणी असतं आणि फार कोरड्या किंवा गरम जागी त्याच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. त्या एकदा उमटल्या की पॉलिश करूनही जात नाहीत. म्हणून मोती आणि ओपल मऊ सुती किंवा रेशमी पिशवीत, सिलिका जेलपासून लांब, घरातल्या नेहमीच्या हवेत. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असली की दोघं खूश. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं ते कपाटात ठेवून द्या, अंदाजावर चालवण्यापेक्षा बरं.

लाकडी पेटी दिसायला कितीही छान असली तरी मोत्यांसाठी जपून. ओक, प्लायवूड, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक ॲसिडची वाफ हळूहळू सुटत राहते आणि कॅल्शियम कार्बोनेट ॲसिडला अजिबात टिकत नाही. संग्रहालयांतल्या शिंपल्यांच्या बाबतीत हे फार पूर्वीच लक्षात आलं होतं, लाकडी खणातल्या शिंपल्यांवर पांढरी भुकटी जमायची. बाईन नावाच्या माणसाने १८९९ मध्ये त्यावर लिहिलं, त्याला वाटलं जंतूंमुळे होतं म्हणून नाव पडलं बाईनचा रोग, प्रत्यक्षात रोग वगैरे काही नव्हता, लाकडाची वाफ होती. शिंपला आणि मोती एकाच मालाचे आणि पोवळंही त्यातलंच. घामाचं आणि परफ्यूमचंही हेच, म्हणून मोती घालायचे सगळ्यात शेवटी, काढायचे सगळ्यात आधी आणि पिशवीत टाकण्यापूर्वी मऊ किंचित ओल्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्यायचे.

आणि तो दोन पदरी सर खुंटीला टांगू नकोस गं, आडवाच ठेव. रेशमी दोरा वजनाने ताणतो. गाठ आणि मोती यांच्यामध्ये नख जाईल इतकी फट दिसायला लागली तर पुन्हा ओवून घ्यायची वेळ झाली समज.

उंटावरचा_शहाणा
चऱ्यांबद्दल कुणीच बोललं नाही अजून. @रानजाई, मोत्यांवर चरे कोणी पाडले ते सांगतो, शेजारी बसलेल्या अंगठीने. मोह्सचं माप म्हणजे कडकपणाचं १ ते १० माप, जास्त आकड्याची वस्तू कमी आकड्याच्या वस्तूवर चरा पाडते. त्यात हिरा १०, माणिक आणि नीलम ९, पाचू साडेसात-आठ आणि मोती अडीच ते साडेचार. सोनंसुद्धा अडीच-तीनच. म्हणजे हिऱ्याची अंगठी बॉक्समध्ये मोकळी सोडली की ती खाली असलेल्या प्रत्येक गोष्टीवर रेघा मारणार, बॉक्स उघडताना बंद करताना खण ओढताना दर वेळी थोड्या थोड्या. हिऱ्याशेजारी दुसरा हिरा ठेवला तरी एकमेकांना चरे पाडतात, लोकांना वाटतं हिरा आहे त्याला काय होतंय. माझं मत विचाराल तर दागिने चोरीपेक्षा जास्त एकमेकांमुळेच खराब होतात, फक्त ते हळूहळू होतं म्हणून कुणी ओरडत नाही.

धूळ पण हलक्यात घेऊ नका, तिच्यात क्वार्ट्झचे कण असतात, कडकपणा ७. धुळीने भरलेला दागिना कोरड्या फडक्याने खसाखसा पुसणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर मारणंच. आधी फुंकर किंवा मऊ ब्रश, मग कापड. टूथपेस्टने घासण्याचे सल्ले फिरत असतात त्यांच्याकडे तर बघूच नका.

ठेवण्याआधी अंगठी कानाशी धरून हळूच हलवायची. खडा सैल असेल तर बारीक टिकटिक येते, आवाज आला तर ती घालायची नाही, सरळ सोनाराकडे. नख्या, म्हणजे खडा धरून ठेवणारे धातूचे बारीक आकडे, नीट आहेत का हे बघायचं असेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा, एखादी नखी वर उचललेली असेल तर कापडाचा धागा अडकलेला दिसतो. त्यावरून आठवलं, कानातली कापसात गुंडाळून ठेवू नका. कापसाचे तंतू नख्यांत अडकतात, ओढून काढताना नखी वाकते, आणि कापूस ओलावा धरून बसतो ते वेगळंच.

चेनसाठी माझी पद्धत, स्ट्रॉ घ्यायचा, चेनच्या निम्म्या लांबीचा कापायचा, एक टोक आतून घालायचं आणि हूक लावून टाकायचा. गुंता होऊच शकत नाही. नाहीतर छोटी झिप पिशवी, हूकवालं टोक बाहेर ठेवून बाकी आत. आता जो गुंता झालाय तो सपाट कडक टेबलवर काढा, गादीवर बसून नको. गाठीवर बेबी ऑइलचा एक थेंब, दोन सुया घ्या आणि गाठ बाहेरच्या बाजूला ढिली करत जा. टोकं धरून ओढायची नाहीत, गाठ आणखी आवळते आणि बारीक चेनची कडीच लांबते. सुटली की साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्या. बेसिनमध्ये नाही हां, वाडग्यात.

रानजाई
बापरे, केवढी माहिती, सगळ्यांना धन्यवाद. @खटपट्या हो, कड्याच्या पुडीवर रबर होता खरा, पिशवी उघडू नये म्हणून. आता दोन शंका. एक म्हणजे आमच्याकडे आगीपासून संरक्षण देणारी छोटी तिजोरी आहे, सगळं त्यात टाकलं तर? आणि चांदी साफ करायला ॲल्युमिनियम फॉइल आणि खायचा सोडा वाली युक्ती खरी आहे का?

खटपट्या
फॉइलची युक्ती खरी आहे, जादू नाही, रसायनशास्त्र आहे. गरम पाण्यात सोडा आणि चांदी फॉइलला चिकटून ठेवायची. गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातं, थोडा सडक्या अंड्यासारखा वास येतो. घासलं की चांदीचा थर थोडा का होईना जातो, इथे ती चांदी सल्फाइडमधून परत मिळते, हा फायदा. पण नक्षीच्या खोबणीत मुद्दाम काळा केलेला भाग असेल तर तोही पांढरा होऊन बसतो आणि कड्याची सगळी मजा जाते. मोती, पोवळं, ओपल किंवा डिंकाने चिकटवलेलं काहीही असेल तर त्या पाण्याच्या जवळपास फिरकायचं नाही.

तिजोरीचं जरा उलटं आहे. आग अडवायला तिच्या भिंतींत जे भरतात त्यात पाणी बांधलेलं असतं, तापलं की वाफ होऊन आत थंडावा राहावा म्हणून. त्यामुळे बंद तिजोरीत ओलावा वाढतो. लोकांना वाटतं जाड लोखंड आहे म्हणजे आत एकदम कोरडं, तसं नसतं. चांदी ठेवलीत तर रंग बदलणारं सिलिका जेल हवंच आणि अधूनमधून दार उघडून हवा खेळू द्या.

निळी_शाई
तिजोरीतल्या सिलिका जेलजवळ मोती ठेवू नकोस एवढंच. ठेवायचेच असतील तर वरचा खण त्यांना दे आणि जेल खाली चांदीच्या डब्यात बंद कर. कागदपत्रांना बांधलेले रबरही तिथून काढ, कारण आतली हवा सगळ्यांची एकच असते.

मधलीसुट्टी
मध्येच घुसतेय, सोन्याचं पाणी दिलेल्या कानातल्यांना पण हेच सगळं का? माझी वर्षभरात पांढरी पडतात.

उंटावरचा_शहाणा
@मधलीसुट्टी, तिथे मुख्य शत्रू घासणं आहे. वरचा थर मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजतात, चांदीवर चांगलं जाड पाणी दिलेल्याला व्हर्मील म्हणतात त्यातसुद्धा साधारण अडीच मायक्रॉन असतो आणि स्वस्तातल्यात त्याहून बराच कमी. चांदी चमकवायचं ते खास कापड यावर चालवायचं नाही, त्यात बारीक पॉलिश असतं, थर खाऊन टाकतं. घातल्यावर घाम मऊ कापडाने टिपून घ्या, घासायचं नाही, टिपायचं. प्रत्येक जोडी वेगळ्या मऊ पिशवीत. बाथरूममध्ये ठेवू नका, तिथे वाफ असते आणि बेसिनचं भोक आपल्या नशिबाला टपलेलंच असतं.

टिचकी
ठीक आहे, शब्द मागे घेतो. पण शुद्ध सोन्याला तरी काही होत नाही ना? की त्यालाही आता वेगळी पिशवी.

खटपट्या
काळं पडायच्या बाबतीत २४ कॅरेटला काही होत नाही. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, १८ मध्ये ७५, बाकी जे तांबं-चांदी असतं ते थोडंफार मंद होऊ शकतं. पण पिशवी लागतेच, कारण जितकं शुद्ध तितकं मऊ, चेपतं आणि चरे पडतात. आणि दोन गोष्टी सोन्यालाही चालत नाहीत. स्विमिंग पूलच्या आणि ब्लीचच्या क्लोरीनने कमी कॅरेटचे बारीक हूक आणि टाके (डाग देऊन जोडलेले सांधे) कमकुवत होतात. दुसरं म्हणजे पारा. जुना थर्मामीटर फुटला आणि अंगठीला पारा लागला की ती तिथल्या तिथे पांढरी होते, दोघांचा मिश्रधातू तयार होतो. तो पारा घरी उडवायला जाऊ नका, गरम तर मुळीच करू नका, वाफ विषारी असते. अंगठी बंद डबीत घालून सोनाराकडे न्यायची आणि पारा लागलाय हे आधी सांगायचं.

रानजाई
टेबलवर सगळं मांडून बसलेय. चेन सुटल्या!! चांदीच्या पिशव्या झाल्या. ओपलच्या मागे काळा थर दिसतोय आणि कडेने बघितलं की मध्ये एक सरळ रेघ आहे, ती तडा आहे का? ओल्या कापडाने पुसू की नको?

निळी_शाई
तडा नसावा. रेघ एकदम सरळ आहे आणि मागे काळं आहे म्हणजे बहुतेक डबलेट, पातळ ओपल काळ्या पाठीवर चिकटवलेला. कापड किंचित ओलं करून पुसलंस तर चालेल पण पाण्यात बुडवू नकोस, डिंकात पाणी शिरलं की आतून धुरकट होतो. पुसून झालं की थोडा वेळ उघड्यावर वाळू दे, उन्हात नाही, पंख्याखाली, आणि मग पिशवीत.