प्लॅन ३०० चा, हॉलमध्येच ९४ च्या वर जात नाही. नवीन राउटर कुठला घेऊ?

गच्चीवरची:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. घरी फायबरचं कनेक्शन आहे, ३०० एमबीपीएसचा प्लॅन. कंपनीने दाराजवळ भिंतीवर एक पांढरा डबा ठोकून दिलाय त्यात फायबरची वायर येते, त्याचं स्वतःचं वायफाय पण आहे पण ते अगदीच यथातथा म्हणून आम्ही त्याला आमचा जुना राउटर जोडलाय आणि घरातले सगळे त्याच्यावरच असतात. राउटर टीव्हीच्या कपाटात मागच्या बाजूला ठेवलाय कारण घरात कुणालाच वायरी दिसलेल्या चालत नाहीत.
प्रॉब्लेम दोन आहेत. हॉलमध्ये राउटरच्या समोर बसून स्पीड टेस्ट केली तरी ९३-९४, कधीच त्याच्या वर नाही. आणि शेवटच्या खोलीत, जिथे माझं ऑफिसचं टेबल आहे, तिथे मीटिंग चालू असताना माझा आवाज तुटतो, समोरच्यांचा मला नीट येतो. मध्ये दोन भिंती आणि बाथरूम आहे.
आता राउटर बघायला गेले तर एसी१२००, एएक्स१५००, एएक्स३०००, कुणाला चार अँटेना कुणाला सहा, वर परत मेश (घरभर ठेवायचे दोन-तीन जोडीचे डबे). डोकं भंजाळलंय. लाँग रेंज असं लिहिलेला घेऊ का? उगाच महागातला नकोय, पण परत वर्षभरात बदलायची वेळ पण नको.

रिकामटेकडा:
सरळ मेश घ्या ताई आणि विषय संपवा. आमच्याकडे तीन डबे लावलेत, कुठल्याही खोलीत जा फुल रेंज. राउटरच घ्यायचा असेल तर सहा अँटेनावाला घ्या, भिंतीतून आरपार जातो.

तारवाला:
थांबा, आत्ताच काही घेऊ नका.
९३-९४ वर अडकणं हे वायफायचं लक्षण नाहीये. वायफाय कमी पडलं की आकडा नाचतो, कधी ६० कधी १४०, एकाच जागी ठाम बसत नाही. ९४ च्या आसपास ठाम बसला की समजायचं वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट किंवा १०० वर जोडली गेलेली वायर आहे, कारण १०० च्या लिंकवर वरचा खर्च वजा जाता हातात साधारण ९४-९५ च येतात. म्हणजे तुम्ही उद्या सगळ्यात भारी राउटर आणला आणि तो त्याच पोर्टला त्याच वायरने जोडला तरी ९४ च.
जागा तीन आहेत बघायच्या. एक, कंपनीचा डबा. बऱ्याच डब्यांना दोन लॅन पोर्ट (घरातली वायर लावायची भोकं) असतात, त्यातला एकच गिगाबिट म्हणजे १००० एमबीपीएसचा असतो आणि दुसरा १०० चा, पोर्टशेजारी जीई आणि एफई असं बारीक छापलेलं असतं, जीई म्हणजे गिगाबिट. दोन, जुन्या राउटरचा वॅन पोर्ट, म्हणजे डब्याकडून येणारी वायर ज्यात जाते तो, त्याच्या खालच्या स्टिकरवरून मॉडेल नंबर घेऊन बघा. तीन, मधली वायर. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात आणि १०० ला चारच पुरतात, त्यामुळे टोकाच्या क्लिपमध्ये उरलेल्या चारांपैकी एखादी तार सुटली असेल तर नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येतं आणि कुणाला कळतही नाही.
लॅपटॉप डब्याला थेट वायरने लावून दोन्ही पोर्टवर टेस्ट करा, मग राउटरला वायरने लावून करा. लॅपटॉपचा पोर्ट पण गिगाबिट असायला हवा हं, नाहीतर परत तेच ९४ दिसेल आणि डब्याला शिव्या बसतील.
दुसरं, मागच्या खोलीत सिग्नल किती येतो ते फोनवर वायफाय अॅनालायझर टाइपचं कुठलंही अॅप घेऊन बघा. आकडा उणे असतो, डीबीएममध्ये. उणे ५० म्हणजे मस्त, उणे ६७ पर्यंत कॉल आणि व्हिडिओ बिनधोक, उणे ७५ च्या पुढे गेला की कटकट सुरू. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे वायफायचे दोन बँड, दोन्हीचे आकडे वेगळे घ्या.
आणि तो राउटर आधी कपाटातून बाहेर काढा. टीव्हीच्या मागे म्हणजे पत्र्याच्या मागे.

चष्मेवाली:
तारवाला यांच्याशी सहमत. मेशबद्दल मात्र बोलायलाच हवं, हल्ली कुणी काहीही विचारलं की उत्तर मेश.
मेशचे डबे एकमेकांशी वायफायनेच बोलत असतील आणि दोनच बँड असतील तर दुसऱ्या डब्याला एकाच रेडिओवर पहिल्याकडून ऐकायचं आणि तुम्हाला सांगायचं अशी दोन्ही कामं आळीपाळीने करावी लागतात, म्हणून स्पीड निम्म्यावर येतो. तीन बँडवाल्यात एक बँड डब्यांच्या आपापसातल्या बोलण्याला राखून ठेवतात तिथे हे कमी होतं पण ते महाग. आणि लोक दुसरा डबा नेमका जिथे रेंज नाही त्याच खोलीत ठेवतात! तिथे त्या डब्याला तरी कुठून रेंज येणार, तो मधल्या वाटेवर ठेवायचा असतो. मोठं घर, दोन मजले, वायर ओढणं शक्यच नाही अशा ठिकाणी मेश छान आहे, मी नाही म्हणत नाही. पण इथे अडचण एका खोलीची आहे.
त्या खोलीपर्यंत एक लॅनची वायर गेली तर कुठलाही साधा राउटर तिथे अॅक्सेस पॉइंट (वायरने आलेलं नेट वायफायवर पसरवणारा डबा) म्हणून चालतो. कॅट ५ई वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, घरात एवढं अंतर कुणाचं असतं. जुन्या लँडलाइनसाठी किंवा केबल टीव्हीसाठी भिंतीत पाइप टाकलेला असेल तर त्यातून जाईल. विजेच्या वायरीच्या पाइपातून मात्र नको.
अँटेनाबद्दल पण सांगते. अँटेना किती दिसतात यावर काही नाही, आत किती स्ट्रीम (एकाच वेळी चालणारे डेटाचे प्रवाह) आहेत यावर आहे, २x२ असं लिहिलेलं असतं ते. बहुतेक फोन लॅपटॉप २x२ च असतात त्यामुळे सहा अँटेनांचा तुमच्या एका फोनला फारसा फायदा नाही. लाँग रेंजचं म्हणाल तर राउटरने किती पॉवरने ओरडायचं यावर सरकारी मर्यादा असते, सगळे कायदेशीर राउटर तिच्याच आत. बरं ओरडला जोरात, पण तुमच्या लॅपटॉपची पॉवर त्याहून कमी. त्याचं तुम्हाला ऐकू येईल, तुमचं त्याच्यापर्यंत नीट पोचणार नाही. तुमचा आवाज तुटतो आणि समोरच्यांचा नीट येतो याचं एक कारण हेच असू शकतं.

रिकामटेकडा:
आमच्याकडे चालतंय ब्वा मस्त. निम्मा झाला तरी १५० येतात, पुरे की.

चष्मेवाली:
पुरतात ना, मग चांगलंच आहे. त्यांना ज्या कामाला एक राउटर आणि एक वायर लागते त्याला तीन डबे कशाला एवढंच म्हणणं.

मध्यरात्र_गेमर:
आवाज तुटण्याचं अजून एक कारण असू शकतं जे वायफायशी संबंधितच नाही. घरात कुणाच्या तरी फोनचे फोटो बॅकअपला लागले की अपलोडची लाइन भरते, राउटर आणि डब्यात पॅकेटची रांग लागते आणि पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) २० मिलिसेकंदांवरून ३००-४०० वर जातो, स्पीड टेस्टला सगळं गोड दिसतं. चेक करायला सोपं आहे, एक मोठी फाइल अपलोडला टाका आणि त्याच वेळी पिंग चालू ठेवा. हे असेल तर एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) असलेला राउटर बघा, किंवा ज्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) टाकता येतं असा. एसक्यूएममध्ये लाइनच्या स्पीडपेक्षा थोडा कमी आकडा भरायचा म्हणजे रांग तुमच्या ताब्यात राहते. नुसतं क्यूओएस (कुठल्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवू नका, काहींमध्ये ते फक्त नावाला असतं.

गच्चीवरची:
बापरे, किती कळलं. सगळं करून बघितलं.
डब्याच्या एका पोर्टला लॅपटॉप लावला तर ९४, दुसऱ्याला ३१० च्या आसपास! आणि आम्ही इतकी वर्षं नेमके ९४ वाल्यालाच लावून बसलोय, बसवणाऱ्यानेच तिथे लावून दिलं होतं. खूश होऊन राउटरची वायर जीई मध्ये टाकली तर परत ९४. मग मॉडेल शोधलं, राउटरचे सगळे पोर्ट पण १०० चेच आहेत.
शेवटच्या खोलीत २.४ चा उणे ७६ आणि ५ चा उणे ८७, मध्येच गायब. राउटर कपाटाच्या वर आणून ठेवला तर २.४ चा उणे ६९ झाला, काही खर्च न करता. घरात थोडी कुरकुर झाली.
अपलोडवाली टेस्ट पण केली, पिंग वाढतो पण ६०-७० पर्यंतच.
मग आता राउटर तर बदलावाच लागेल ना? कुठला बघू?

तारवाला:
हो, राउटर बदला. पिंग एवढाच वाढत असेल तर एसक्यूएमच्या मागे लागू नका, तुमचं दुखणं रेंजचं आहे.
एएक्स३००० वगैरे आकडे कसे बनतात ते एकदा बघून घ्या म्हणजे दुकानदार गुंडाळू शकणार नाही. दोन बँडची बेरीज करून, वर गोल करून छापतात. एसी१२०० म्हणजे ३०० अधिक ८६७. एएक्स१५०० म्हणजे ३०० अधिक १२०१. एएक्स१८०० म्हणजे ५७४ अधिक १२०१. एएक्स३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२. तुमचा फोन साधारणपणे एका वेळी एकाच बँडवर असतो, दोन्ही एकदम वापरायची सोय वायफाय ७ मध्ये आली आणि तीही फोनमध्ये असेल तर. परत हे सगळे लिंकचे आकडे, हातात जवळून साधारण निम्मे ते दोन तृतीयांश येतात. एएक्स३००० चे २४०२ तर चॅनलच्या १६० मेगाहर्ट्झ रुंदीवर मिळतात, बरेच फोन ८० च्याच रुंदीचे असतात, मग त्यांना परत १२०१ च.
म्हणजे ३०० च्या प्लॅनला ८६७ वाला एसी१२०० सुद्धा पुरतो. पण इथे खड्डा आहे. एसी१२०० लिहिलेल्या कितीतरी मॉडेलांचे पोर्ट १०० चेच असतात. टीपी-लिंकचंच उदाहरण, आर्चर सी५० आणि आर्चर सी६ दोन्ही एसी१२००, पण सी५० चे पोर्ट १०० चे आणि सी६ चे गिगाबिट. खोक्यावर पुढे १२०० मोठ्ठं आणि पोर्टचं मागे बारीक. म्हणून पहिली अट गिगाबिट वॅन, बाकी नंतर.
मी असतो तर एएक्स१८०० घेतला असता. एएक्स१५०० च्या बऱ्याच मॉडेलात वायफाय ६ (म्हणजेच एएक्स) फक्त ५ गिगाहर्ट्झवर असतं, २.४ वर जुनं एन म्हणजे वायफाय ४ च, ३०० वरून कळतं ते. एएक्स१८०० मध्ये दोन्ही बँड वायफाय ६ चे, डब्ल्यूपीए३ (वायफाय पासवर्डची नवी सुरक्षा) पण मिळतं. ३००० घेतलात तर वाईट नाही, पण तुमच्या शेवटच्या खोलीला त्याचा काडीचा उपयोग नाही, १६० ची रुंदी राउटरच्या जवळच खेळते.
अजून एक, घेताना फायबरसाठी म्हणजे इथरनेट वॅनवाला राउटर घ्या. डीएसएल लिहिलेला मॉडेम राउटर असतो त्याला फोनची वायर घालायचं भोक असतं, तो नको. आणि कंपनीच्या साइटवर जाऊन त्या मॉडेलचा फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) शेवटचा कधी आलाय बघा, तीन-चार वर्षांपूर्वीचा असेल तर तो राउटर नवीन असून जुनाच.

चष्मेवाली:
आणि जुना राउटर टाकू नका! वायर गेली तर शेवटच्या खोलीत तोच लावा. १०० चे पोर्ट असले म्हणून काय, मीटिंगला चार-पाच एमबीपीएस पुरतात, ९४ डोक्यावरून पाणी. त्याचं डीएचसीपी (घरातल्या वस्तूंना आयपी म्हणजे पत्ते वाटायचं काम) बंद करायचं, त्याचा स्वतःचा आयपी नव्या राउटरपेक्षा वेगळा पण त्याच रांगेतला द्यायचा आणि वायर वॅनला न लावता लॅन पोर्टला लावायची. वायफायचं नाव पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवा, २.४ चा चॅनल मात्र वेगळा, एकाला १ दुसऱ्याला ६ किंवा ११. मधले ३, ४, ८ वगैरे वापरले की शेजारच्या चॅनलवर सांडतं. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवरच ठेवा. त्या खोलीत ऑफिसचा लॅपटॉप तर थेट वायरनेच लावा, टेबल हलत नाहीये ना कुठे.
राउटर जुना आहे म्हणून त्याचाही फर्मवेअर बघून घ्या आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय) दोन्हीकडे बंद.

गच्चीवरची:
हे भारी आहे. म्हणजे एएक्स१८००, गिगाबिट पोर्ट आणि एक वायर. दोन शंका. नवीन राउटर लावल्यावर कंपनीच्या डब्याचं काय करायचं, त्याचं वायफाय बंद करू का? आणि आमच्याकडे वायफायवरचे बल्ब आहेत ते बिघडतील का?

तारवाला:
डब्याचं वायफाय बंदच करा, उगाच हवेत गर्दी. डबा स्वतः काढायचा नाही, तो तुमच्या लाइनवर त्याच्या नंबराने नोंदलेला असतो. तो सध्या राउटरचं काम पण करत असणार, म्हणजे मागे तुमचा राउटर लावला की दोन राउटर एकामागे एक. ब्राउझिंगला, मीटिंगला काही होत नाही, गेम किंवा घरचा कॅमेरा बाहेरून बघायचा असेल तर त्रास देतं. कंपनीला फोन करून डबा ब्रिज मोडवर (म्हणजे तो राउटरचं काम सोडून फक्त लाइन पुढे देतो) टाका म्हणून सांगा, मग बहुतेक वेळा पीपीपीओईचं (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरावं लागतं, व्हीलॅन नंबर (लाइनवरच्या वाटेचा क्रमांक) असेल तर तोही. हे सगळं फोनवर असतानाच लिहून घ्या. नाही म्हणाले तर नवा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर चालवा, डबा राहील मुख्य. मग जुन्या राउटरचा आयपी डब्याच्या रांगेतला द्या.
बल्ब बहुतेक २.४ वरच चालतात. नव्या राउटरला जुनंच नाव आणि पासवर्ड दिलात तर आपोआप जोडले जातील. सिक्युरिटी नुसती डब्ल्यूपीए३ ठेवू नका, डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्रवाली ठेवा, जुन्या वस्तू डब्ल्यूपीए३ ला रुसतात.

गच्चीवरची:
ओके, कंपनीला फोन करते. लँडलाइनचा पाइप आहे आमच्याकडे, हॉलमधून त्याच खोलीत निघतो, आत ती जुनी फोनची वायर अजून तशीच आहे. ती आधी ओढून काढून टाकते म्हणजे जागा होईल.

चष्मेवाली:
अहो नुसती काढू नका! तिच्याच टोकाला नवी वायर चिकटपट्टीने घट्ट बांधा आणि दुसऱ्या खोलीतून जुनी ओढा, मागोमाग नवी येते. क्लिप न लावलेली वायर घ्या, क्लिप वळणावर अडकते, ती नंतर दोन्ही टोकांना मारून घ्या.