शब्दचर्चा : ‘टॅसिट नॉलेज’, ‘नॉलेज शेअरिंग’ आणि कंपनीतली जाण

प्रश्न

एका कारखान्यासाठी ‘नॉलेज मॅनेजमेंट’चं धोरण मराठीत लिहितो आहे. यंत्रावरचे कामगार, देखभाल विभाग, हिशेब बघणारे, भांडार सांभाळणारे असे सगळेच ते वाचणार आहेत. शीर्षकात ‘ज्ञान-व्यवस्थापन’ लिहिलं आणि पुढे अडलो. ‘टॅसिट नॉलेज’ला, म्हणजे अनुभवातून आलेल्या पण शब्दांत नीट सांगता न येणाऱ्या ज्ञानाला, कुणी ‘अव्यक्त ज्ञान’ म्हणतं, कुणी ‘मूक’, कुणी ‘अंतर्निहित’. ‘नॉलेज शेअरिंग’ला ‘ज्ञानवाटप’ लिहिलं होतं, पण ते धान्यवाटपासारखं वाटतं म्हणून खोडलं. शिवाय ‘नॉलेज बेस’, ‘नॉलेज ट्रान्सफर’ आणि ‘लेसन्स लर्न्ड’ आहेतच. संस्कृत शब्दांचं वावडं नाही, मात्र वाचणाऱ्याला अर्थ लागायला हवा. काय सुचवाल?

प्रतिसाद

‘ज्ञान-व्यवस्थापन’ शीर्षकात राहू द्या. तो शब्द रुळला आहे आणि शीर्षकावरून कुणाचं काम अडत नाही. अडचण आतल्या मजकुरात येईल, कारण मराठीत ‘ज्ञान’ फार वजनदार शब्द आहे. ‘ज्ञानी माणूस’ म्हटलं की विद्वान किंवा संत आठवतो. पंपाचा आवाज ऐकून ‘बेअरिंग गेलंय’ म्हणणारा फिटर आठवत नाही. त्याला आपण जाणकार म्हणतो, माहीतगार म्हणतो, त्याचा हात बसलाय, कान तयार आहे असं म्हणतो. सगळीकडे ‘ज्ञान’ लिहिलंत तर तो फिटर म्हणेल, हे साहेबांचं काहीतरी दिसतंय. आणि धोरण तर सर्वांत जास्त त्याच्यासाठीच हवं आहे.

आता ‘टॅसिट’. ही कल्पना मायकेल पोलान्यी यांची. ते मुळात रसायनशास्त्रज्ञ, पुढे तत्त्वज्ञानाकडे वळले. आपल्याला जेवढं सांगता येतं त्याहून अधिक आपल्याला कळत असतं, हे त्यांनी १९६६च्या पुस्तकात मांडलं. ओळखीचा चेहरा आपण गर्दीत चटकन ओळखतो, पण कशावरून ओळखला ते नीट सांगता येत नाही, हे त्यांचंच उदाहरण.

‘अव्यक्त’ या शब्दाने हे पुरतं पोचत नाही. अव्यक्त म्हणजे व्यक्त न केलेलं. वाचणारा समजतो की आज सांगितलं नाही, उद्या सांगेल. आणि बहुतेक कंपन्यांच्या योजना नेमक्या याच समजुतीवर उभ्या असतात : प्रत्येकाने आपल्या कामातल्या खुब्या महिनाअखेरीपर्यंत या तक्त्यात भरून द्याव्यात. मग तक्ते भरले जातात, त्यांत ‘यंत्र काळजीपूर्वक हाताळावे’ अशी वाक्यं येतात आणि ती कुणी वाचत नाही.

‘अंगभूत’ किंवा ‘अंतर्निहित’ म्हटलं की ते जन्मजात वाटतं, आणि हे तर वर्षानुवर्षं काम करून कमावलेलं असतं. ‘गर्भित’मध्ये हेतू लपवल्याची छटा आहे, आठवा ‘गर्भित इशारा’. ‘मूक’ मला मुळीच पटत नाही. हे लोक मूक नसतात, भरपूर बोलतात. फक्त बोलण्यात ते सगळं येत नाही.

माझी सूचना : साध्या मजकुरात ‘जाण’ लिहा आणि पारिभाषिक शब्द हवाच असेल तिथे ‘मुरलेलं ज्ञान’. जमिनीत मुरलेलं पाणी वर दिसत नाही, पण विहिरीला तेच येतं. हातांच्या कामासाठी ‘हातोटी’ आहेच.

आणखी एक भेद धोरणात यायला हवा, कारण व्यवहारात तोच उपयोगी पडतो. लिहिलेलं आणि मुरलेलं यांच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे. समजा, महिनाअखेरचा ताळमेळ लावण्याची लेखी पद्धत आहे. तिच्यात लिहिलंय, ‘आकडे जुळत नसल्यास फरक तपासावा.’ हे झालं लिखित. पण ते काम करणाऱ्या बाईंना ठाऊक असतं की फरक आला तर आधी परत आलेल्या मालाच्या पावत्या बघायच्या, कारण त्या नेहमी उशिरा चढतात. हे कुठे लिहिलेलं नाही, पण विचारलं तर त्या एका वाक्यात सांगतील. त्यांनी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही आणि त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नाही. याला मराठी व्याकरणातला चपखल शब्द आहे : ‘अध्याहृत’. वाक्यात नसलेलं, पण गृहीत धरलेलं. आणि नुसत्या पानावर नजर टाकून ‘यात काहीतरी गडबड आहे’ असं त्यांना जे वाटतं, ते मुरलेलं.

या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. लिखित गोष्ट सापडेल अशी ठेवावी लागते. अध्याहृत गोष्ट विचारून काढावी लागते, आणि तेही त्या कामातलं थोडंफार कळणाऱ्यानेच विचारावं लागतं. मुरलेल्यासाठी शेजारी बसण्याला पर्याय नाही. कंपन्या पहिल्यावर भरपूर पैसे खर्च करतात, दुसऱ्यासाठी शेवटच्या आठवड्यात धावपळ करतात आणि तिसरं निवृत्तीच्या समारंभानंतर आठवतं.

दुसरा प्रतिसाद

‘अध्याहृत’ फार आवडला. फक्त तळटीप द्या, शाळेतलं व्याकरण विसरलेले बरेच असतात.

यात एक चौथाही प्रकार घालावा असं वाटतं : करणाऱ्यांना स्वतःलाही ठाऊक नसलेलं. अमेरिकेच्या डब्ल्यू-७६ या अण्वस्त्रात ‘फॉगबँक’ नावाचा एक पदार्थ वापरत. त्याचं उत्पादन १९८९ साली थांबलं. पुढे त्या अस्त्रांचं आयुष्य वाढवायचं ठरलं, तेव्हा तो पुन्हा बनवायची वेळ आली. नोंदी अपुऱ्या होत्या आणि जाणकार माणसं जवळपास सगळी निवृत्त झालेली किंवा सोडून गेलेली. नवी यंत्रणा उभी केली, जुनी पद्धत जुळवत आणली, तरी माल हवा तसा उतरेना. शेवटी उलगडा झाला की पूर्वीच्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि ती अंतिम पदार्थाला आवश्यक होती. नव्या शुद्धीकरणात ती निघून जात होती. जुन्या लोकांना बोलावून आणलं असतं तरी त्यांना हे सांगता आलं नसतं, कारण त्यांनाही ते माहीत नव्हतं. कारखाना व्यापारी नव्हता हे खरं, पण उत्पादन करणाऱ्या कुठल्याही ठिकाणी हे घडू शकतं.

याला शब्द सुचत नाही. ‘अजाण’ म्हणता येणार नाही, त्याचा अर्थ पार वेगळा.

तिसरा प्रतिसाद

त्याला वेगळं नाव नको, धोरण फुगेल. गुणवत्ता-व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९००१, त्याच्या २०१५च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम संस्थेतल्या ज्ञानाबद्दलच आहे आणि त्याचं मागणं साधं आहे : आपली कामं चालवायला काय माहीत असावं लागतं ते ठरवा, ते टिकवा, लागेल तिथे मिळेल असं ठेवा. पुढे २०१८ साली ज्ञान-व्यवस्थापनासाठी आयएसओ ३०४०१ हे स्वतंत्र मानक आलं. पण सुरुवात त्या छोट्या कलमापासूनच करावी.

‘नॉलेज बेस’ला ‘ज्ञानकोश’ लिहू नका. ज्ञानकोश म्हटलं की केतकरांचे खंड आठवतात, तो शब्द दिला गेला. ‘नोंदसंग्रह’ पुरेसा आहे. आणि ‘नॉलेज वर्कर’, म्हणजे ज्ञानाच्या बळावर काम करणारा, हा शब्द धोरणात आणूच नका. व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी १९५९ साली ती संज्ञा वापरली, तेव्हा तिला एक संदर्भ होता. कारखान्यात ‘ज्ञानकर्मी’ लिहिलंत की उरलेल्यांना ज्ञान नाही असं छापून टाकल्यासारखं होईल.

प्रश्नकर्ता

‘जाण’, ‘अध्याहृत’, ‘नोंदसंग्रह’ घेतले. ‘शेअरिंग’ आणि ‘ट्रान्सफर’चं काय करू? आमच्याकडे ‘नॉलेज ट्रान्सफर’ला सर्रास ‘केटी दिली का, केटी घेतली का’ असंच बोलतात.

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर

‘केटी’ तोंडी चालू द्या, लिहिताना मात्र ‘ज्ञान-हस्तांतरण’ टाळा. हस्तांतरण जमिनीचं होतं, पदभाराचं होतं : एकाच्या हातून सुटतं आणि दुसऱ्याच्या हातात जातं. ज्ञानाचं तसं होत नाही, देणाऱ्याकडे ते राहतंच. दुसरं असं की हस्तांतरण सहीने पूर्ण होतं. ‘केटी झाली’ म्हणून सही झाली आणि पुढच्या सोमवारी नवा माणूस यंत्रापुढे गप्प उभा आहे, असं कितीतरी ठिकाणी घडतं.

‘वाटप’ तुम्ही खोडलंत ते योग्य केलंत. वाटलं की वाटा कमी होतो, आणि नोकरीत लोकांना भीती असते ती याचीच : मला येतं ते दुसऱ्याला आलं तर माझी गरज काय राहिली? धोरणातल्या शब्दाने त्या भीतीला दुजोरा देऊ नये.

‘देवाणघेवाण’ लिहा. घरोघरचा शब्द आहे आणि त्यात ‘घेवाण’ आहे, हे फार महत्त्वाचं. लोक ज्ञान दडवून ठेवतात म्हणून ते पसरत नाही, असा सर्वसाधारण समज असतो. गॅब्रिएल शुलान्स्की यांनी १९९६ साली आठ कंपन्यांमध्ये चांगल्या पद्धती एका विभागातून दुसऱ्या विभागात नेण्याचे १२२ प्रसंग घेऊन त्यांत काय अडलं ते तपासलं. अनास्थेपेक्षा तीन गोष्टी जास्त आड आल्या : घेणाऱ्याची ते पचवण्याची तयारी नसणं, ती पद्धत नेमकी कशामुळे चालते हे धड ठाऊक नसणं, आणि दोघांमधले संबंध अवघडलेले असणं. आपली धोरणं मात्र देणाऱ्यालाच उपदेश करत बसतात. घेणाऱ्याला वेळ द्या, त्याला आधी पायाभूत माहिती द्या, दोघांचं पटतंय का बघा, असं एखादं कलम क्वचितच दिसतं. तुमच्या धोरणात ते असावं अशी मनापासून विनंती.

चौथा प्रतिसाद

देवाणघेवाण कशी होते याचं एक उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण शब्द त्यातून सापडतात.

झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ राहिले. कंपनीने तंत्रज्ञांना जाडजूड पुस्तिका दिल्या होत्या : हा संकेत आला तर हे तपासा, मग ते. पण बिघाड पुस्तिकेप्रमाणे येत नसत. ऑर यांना दिसलं की अडलेलं काम सुटतं ते किश्श्यांमधून. तंत्रज्ञ जेवायला, चहाला एकत्र बसत आणि कुठल्या यंत्राने कसं छळलं ते एकमेकांना सांगत. बाहेरच्याला वाटावं, वेळ घालवतायत. पुढे कंपनीत ‘युरेका’ नावाची व्यवस्था आली. तंत्रज्ञाने एखादी युक्ती लिहून पाठवायची, दुसऱ्या अनुभवी तंत्रज्ञांनी ती पारखायची, आणि मग ती लिहिणाऱ्याच्या नावासकट सर्वांना खुली व्हायची. नाव असणं हा तिचा प्राण होता.

तर ‘टिप’साठी ‘युक्ती’ किंवा ‘खुबी’, ‘व्हॅलिडेशन’साठी ‘पारख’ आणि ‘स्टोरी’साठी ‘किस्सा’ हे शब्द निःसंकोच वापरा. ‘प्रमाणीकरण’ आणि ‘कथाकथन’ लिहिलंत तर एकही तंत्रज्ञ फिरकणार नाही.

‘लेसन्स लर्न्ड’ला ‘शिकलेले धडे’ नको. मराठीत धडा मिळतो तो फजिती झाल्यावर, आणि धडा शिकवतात तो वैऱ्याला. त्या मथळ्याखाली लोक चुका लिहायला धजावणार नाहीत. अमेरिकी सैन्यात कामगिरीनंतर चार प्रश्न विचारतात : काय व्हायचं होतं, काय झालं, असं का झालं, पुढच्या वेळी काय करायचं. तक्त्यावर हे चार प्रश्नच छापा आणि वर ‘कामानंतरची उजळणी’ लिहा.

प्रश्नकर्ता

उजळणी उत्तम! शेवटचा एक : निवृत्त होणाऱ्या माणसाबरोबर नव्याने राहायचं, त्या ‘शॅडोइंग’ला काय म्हणू? ‘छायाकन’ असं कुणीतरी सुचवलंय.

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर

‘छायाकन’ नको. सावली नुसती मागे फिरते, काम करत नाही. आणि नुसतं बघून हे येत नाही. जपानमध्ये मात्सुशिता कंपनी घरगुती पाव बनवायचं यंत्र तयार करत होती, साल १९८५. कणीक नीट मळली जाईना. माणसाने मळलेल्या आणि यंत्राने मळलेल्या कणकेचे क्ष-किरण फोटो काढून पाहिले, तरी उलगडा होईना. मग इकुको तनाका ही त्यांची सॉफ्टवेअर तज्ज्ञ ओसाकामधल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकायला राहिली. तिथे तिला जाणवलं की तो कणीक ताणतो तेव्हा तिला एक खास पीळ देतो. पुढे यंत्राच्या भांड्याला आतून विशिष्ट उंचवटे दिले आणि गाडी मार्गी लागली. व्यवस्थापनाचे अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी १९९१च्या लेखात हे उदाहरण दिल्यामुळे ते जगभर पोचलं.

जुना शब्द ‘उमेदवारी’ आहे. ‘चार वर्षं उमेदवारी केली’ असं अजूनही म्हणतात, पण आता तो ऐकला की निवडणूक आठवते. म्हणून सरळ ‘हाताखाली काम’ असं लिहा. कलम असं करता येईल : ‘निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाताखाली त्याच्या जागी येणाऱ्याने किमान तीन महिने काम करावे. पहिल्या महिन्यात बघावे व विचारावे, दुसऱ्यात त्याच्या देखत करावे, तिसऱ्यात एकट्याने करावे व अडल्यास विचारावे. या काळात दोघांवर दुसरे काम टाकू नये.’ तीन महिन्यांचा आकडा तुमच्या कामाप्रमाणे बदला. शेवटचं वाक्य मात्र काढू देऊ नका, मसुदा वर गेला की पहिली कात्री त्यालाच लागते.