वहीतले इंग्रजी शब्द तोंडात कसे आले? तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात नौपाड्यातलं जुनं घर आवरताना माझी दहावीची वही सापडली. पानावर तीन रकाने: शब्द, उच्चार, अर्थ. रोज दहा शब्द पाठ, हा बाबांचा हुकूम. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं. मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं 2000 साली, म्हणजे आमची गाडी सुटल्यावर.

त्या वहीत 'रिलक्टंट'समोर मी 'नाखूष' लिहिलंय. अर्थ तसा चूक नाही. पण पहिल्या नोकरीत पगारवाढ कमी मिळाली तेव्हा मी साहेबांना लेखी कळवलं, "आय ॲम रिलक्टंट विथ माय इन्क्रिमेंट." साहेब मराठीच होते. म्हणाले, "अहो, घ्यायची इच्छाच नसेल तर परत घेऊ का?" रिलक्टंट म्हणजे एखादी गोष्ट करायला नाखूष, हे त्या दिवशी कळलं ते कायमचं. चार वर्षं पाठ केलेला शब्द एका वाक्यात आला आणि तोंडावर आपटला.

तेव्हापासून वहीत चौथा रकाना आखला, वाक्याचा. आणि वाक्य पुस्तकातलं नाही, घरातलं किंवा ऑफिसातलं. 'माय सन इज रिलक्टंट टु गेट अप फॉर द 6:40 लोकल.' हे विसरायला होत नाही, कारण रोज सकाळी डोळ्यांसमोर घडतं. तुम्ही शब्द कसे जमवलेत? फजितीसकट सांगा.

उरण रस्त्यावरून

फजिती म्हणालात म्हणून लिहितो. न्हावा शेवा बंदर 1989 ला सुरू झालं, त्यानंतर काही वर्षांनी मी वाशीतल्या एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याकडे, लागलो. इंग्रजी शब्द सगळे फाइलीतून शिकलो. ड्रॉबॅक म्हणजे निर्यातदाराला परत मिळणारी ड्यूटी. माल तयार करताना बाहेरून आणलेल्या कच्च्या मालावर भरलेलं शुल्क माल निर्यात झाल्यावर परत मिळतं, ते ड्यूटी ड्रॉबॅक. पार्टी ड्रॉबॅकची वाट बघत बसलेली असायची. माझ्या दृष्टीने जगातला सगळ्यात आनंदाचा शब्द.

पुढे मोठ्या कंपनीत मुलाखत. समोरच्या बाईंनी विचारलं, "व्हॉट आर युअर ड्रॉबॅक्स?" म्हणजे तुमच्यातल्या उणिवा कोणत्या. मी छाती काढून सांगितलं, "मॅडम, डायरेक्ट पार्टीच्या खात्यात जमा होतात." त्या इतक्या हसल्या की शेजारच्या साहेबांना समजावून सांगावं लागलं. नोकरी मिळाली, पण मला अजून वाटतं ती त्या हसण्यामुळेच. सांगायचं काय, शब्द खऱ्या कामातून शिकला तरी एकच वाक्य पुरत नाही. दोन वेगळ्या जागची हवीत.

कळव्याची परिचारिका

आमच्याकडे शब्दाचा अर्थ चुकला तर नातेवाईकांचा जीव टांगणीला लागतो. रिपोर्टवर 'क्रॉनिक' दिसलं की लोक रडायलाच लागतात. त्यांना वाटतं क्रॉनिक म्हणजे गंभीर. मलाही शिकताना तसंच वाटायचं, कारण माझ्या वहीत ॲक्यूट म्हणजे 'तीव्र' आणि क्रॉनिक म्हणजे 'जुनाट' असं होतं, आणि जुनाट म्हणजे आणखी वाईट असं मीच ठरवून टाकलं होतं. खरं तर दोन्ही शब्द वेळेचे आहेत. अचानक सुरू झालेलं ते ॲक्यूट, बराच काळ रेंगाळणारं ते क्रॉनिक. साधी सर्दीही ॲक्यूट असते.

माझं वाक्य सासूबाईंच्या कृपेने तयार झालं: 'हर नी पेन इज क्रॉनिक, बट द स्प्रेन इज ॲक्यूट.' गुडघे पंधरा वर्षांचे, मुरगळलेला पाय कालचा. जुनं दुखणं अचानक उसळलं की डॉक्टर 'ॲक्यूट ऑन क्रॉनिक' लिहितात, तेही या एका वाक्यामुळे लगेच समजलं. आता नवीन मुलींना मी हेच सांगते. सासूबाईंना ठाऊक नाही की आख्ख्या वॉर्डाला त्यांचे गुडघे पाठ आहेत.

वागळे इस्टेट

थोडा वेगळा सूर लावतो. पाठांतराला एवढी नावं ठेवू नका. मी बँकेच्या परीक्षा दिल्या, तिथे समानार्थी-विरुद्धार्थी विचारतात, तुमच्या सासूबाईंचे गुडघे विचारत नाहीत. मी पत्त्यांएवढी कार्डं कापली होती, पुढे शब्द, मागे अर्थ. मिठाईच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे केले. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, शेवटचा महिन्यातून एकदा. लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने 1970 च्या दशकात ही पद्धत रूढ केली, मला ती क्लासच्या सरांनी शिकवली.

ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीपर्यंत पाच-सहा कार्डं व्हायची. आता 2024 पासून मध्ये दिघा गाव स्टेशन आलंय, म्हणजे अजून एक कार्ड! परीक्षा पास झालो. बोलायला जमलं का? नाही, ते काउंटरवर बसल्यावर जमलं. पण काउंटरपर्यंत मला कार्डांनीच पोचवलं.

ऐरोलीतल्या आयटी पार्कमधून

आमची गोची वेगळीच. शब्द येतात, वाक्यं येतात, आणि तरी समोरचा अमेरिकन काहीतरी भलतंच समजतो. एकदा क्लायंट मीटिंगमध्ये म्हणाला, "लेट्स टेबल धिस." आम्ही विधेयक टेबलवर ठेवलं अशा बातम्या वाचत वाढलेली माणसं. टेबल करणे म्हणजे चर्चेला घेणे, आणि ब्रिटिश इंग्रजीत ते बरोबरच आहे. सगळी टीम रात्री दोनपर्यंत बसून सादरीकरण करत राहिली. दुसऱ्या दिवशी क्लायंटच चकित. अमेरिकेत टेबल करणे म्हणजे विषय बाजूला ठेवणे! बरोब्बर उलटं.

'प्रीपोन' हा आपला लाडका शब्दही त्यांना कळत नाही, मीटिंग 'मूव्ह अप' करा म्हणावं लागतं. आणि ओळख करून देताना मी "आय पास्ड आउट इन 2011" म्हणाले तेव्हा तिकडच्या बाईंनी काळजीने विचारलं, "आर यू ओके नाऊ?" त्यांच्या लेखी मी बेशुद्ध पडले होते. तेव्हापासून वहीत वाक्यापुढे लिहिते, कुणाशी बोलायचं ते. 'पुण्याची टीम', 'टेक्सास', असं.

रबाळे एमआयडीसी

लेथवर आहे. शिक्षण आयटीआय. ड्रॉइंगवर 'टॉलरन्स ± 0.02' असायचं, मला शब्दाचा अर्थ नीट ठाऊक, 25 मिमीचा शाफ्ट किती कमी-जास्त चालेल ते. मुलीच्या पुस्तकात 'रिलिजस टॉलरन्स' आलं तर ती म्हणाली, "पप्पा, हे तुम्हाला नाही येणार." म्हटलं येतं की. समोरचा आपल्या मापाचा नसला तरी किती चालवून घ्यायचा, ते. तिच्या सरांनी वर्गात सांगितलं म्हणे.

बेअरिंगला 'प्ले' असतो, म्हणजे थोडी ढिलाई, तो मात्र तिला अजून पटत नाही.

कोपरखैरणेची आई

मी शिकले मुलाबरोबर. तो इंग्रजी माध्यमात, मी मराठी. 'डेझर्ट' आणि 'डिझर्ट' यात माझा सारखा गोंधळ. स्पेलिंगमध्ये दोन एस असलेलं गोड, एक एसवालं वाळवंट. मुलाने युक्ती सांगितली, "आई, गोड पदार्थ दोनदा हवा असतो ना, मग दोन एस." एवढ्यावर मिटलं. 'मंगूस' हा शब्द आपल्या मुंगुसावरून गेलाय हे त्याला सांगितलं तेव्हा मात्र त्याचा विश्वास बसेना. शाळेत जाऊन बाईंना विचारून आला, आणि तेव्हापासून घरात माझा मान थोडा वाढलाय.

कळव्याहून, निवृत्त

तीस वर्षं सरकारी कचेरीत टिपणं लिहिली. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी. हजारो वेळा लिहिला असेल. मग पेपरात वाचायला लागलो, या देशाने त्या देशावर सँक्शन लावले. मी म्हणायचो, मंजुरी दिली तर एवढं भांडण कसलं? नातीने सांगितलं, आजोबा, सँक्शन म्हणजे निर्बंधही. एकच शब्द, मंजुरी पण आणि बंदी पण. 'ओव्हरसाइट'चंही तसंच निघालं, देखरेख पण आणि नजरचूक पण. कचेरीत दोन्ही एकाच टेबलावर व्हायचं, तेव्हा शब्द योग्यच म्हणायचा.

नातीने माझ्या वहीत वाक्य लिहून दिलंय: 'आजी सँक्शन्ड टू लाडूज अँड इम्पोज्ड सँक्शन्स ऑन द थर्ड.' तिसरा लाडू डब्यातच आहे.