बास गिटारसाठी ॲम्प आधी घ्यावा की बाकीचे साहित्य?

प्रश्न : खर्ज_जुळेसोलापूर

मी गेली तीन वर्षे सोलापुरातील एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. स्वागत समारंभ, गणेशोत्सवातील कार्यक्रम आणि अधूनमधून बार्शी, अक्कलकोट किंवा पंढरपूरकडची कामे असा आमचा व्याप आहे. माझ्याकडे चार तारांचा, बॅटरीवर चालणारा ॲक्टिव्ह बास असून तो मी लांब वायरने थेट साऊंडवाल्याच्या मिक्सरला जोडतो. मंचावर मला माझेच वादन ऐकू येत नाही आणि समोर बसलेले मित्र सांगतात की नुसता घुमारा येतो, सूर कळत नाही. जनरेटरवरचा कार्यक्रम असला की त्यात गुरगुरही मिसळते. २५ हजार रुपये साठवले आहेत, त्यांत १०० वॅटचा ॲम्प घ्यावा असा विचार आहे. आमचे तीनही गायक ऐनवेळी पट्टी बदलतात, त्यामुळे त्याऐवजी पाच तारांचा बास घ्यावा का, हाही प्रश्न आहे. अनुभवी वादकांनी कृपया सल्ला द्यावा.

उत्तर : मंद्र_सप्तक

ॲम्प घेण्याआधी एक प्रश्न विचारतो : आपल्या ऑर्केस्ट्रातील कीबोर्डवादक डाव्या हाताने खर्ज वाजवतो का? आपल्याकडे बहुतेक जण वाजवतात, कारण वर्षानुवर्षे बास गिटारवादक न मिळाल्याने त्यांना ती सवय लागलेली असते. दोघे एकाच सप्तकात, पण मात्रेच्या किंचित मागेपुढे वाजवू लागले की समोर फक्त घुमारा पोहोचतो आणि तो कोणत्याही ॲम्पने जात नाही. आमच्याकडे हा वाद दोन वर्षे चालला. शेवटी एका तालमीत ढोलक आणि ऑक्टोपॅडला थांबवून आम्ही दोघांनीच एक गाणे वाजवले, तेव्हा तो स्वतःच म्हणाला, ‘अहो, आपण दोघे एकमेकांच्या पायावर पाय देतोय.’ तेव्हापासून त्याचा डावा हात मध्य सप्तकाच्या खाली उतरत नाही.

पट्टीबद्दल सांगायचे तर आपल्या बासची सर्वांत खालची मोकळी तार हार्मोनियमच्या भाषेत ‘पांढरी तीन’ची (पाश्चात्त्य ‘ई’) आहे, म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झ. गायकाने ‘काळी दोन’ मागितली की खालचा षड्ज अर्ध्या सुराने निसटतो, ‘पांढरी दोन’मध्ये पूर्ण सुराने, आणि अशा वेळी ओळ मध्येच वरच्या सप्तकात उचलावी लागते. पाच तारांचा बास तिथे उपयोगी पडतो, हे खरे. परंतु पाचव्या तारेचे सूर ३१ हर्ट्झपर्यंत उतरतात आणि लग्नाच्या लॉनवरच्या बहुतेक स्पीकरना ते पेलतच नाहीत. तेव्हा ती तार आवाजाच्या गहिरेपणासाठी नव्हे, हात एका जागी ठेवण्यासाठी घ्यायची असते. त्याआधी निदान सहा महिने मोकळी तार न वापरता सराव करावा. मोकळ्या तारेवर बसवलेली ओळ ‘पांढरी तीन’मध्ये सुरेख वाजते, पण गायकाने ‘चार’ म्हटले की तिचा सांगाडाच मोडतो. दाबलेल्या सुरांची ओळ मात्र एक फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) सरकवली की झाले. शिवाय मोकळी तार नको तेव्हाही गुणगुणत राहते, ती उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबून ठेवण्याची सवय वेगळी लावावी लागते.

उत्तर : मिक्सर_अशोकचौक

मी वाजवत नाही, साऊंड लावतो. म्हणून दुसऱ्या बाजूचे लिहितो. मंचापासून मिक्सरपर्यंत पंचवीस-तीस मीटर अंतर असते आणि गिटारची साधी वायर एवढ्या लांब नेली की वाटेतला सगळा विजेचा गोंगाट ती गोळा करते. यावर उपाय म्हणजे डीआय बॉक्स, म्हणजे बासचा आवाज लांबच्या वायरीतून गोंगाटाविना नेता यावा असा करून देणारी छोटी पेटी. बासपासून बॉक्सपर्यंत साधी छोटी वायर आणि तेथून पुढे माइकची तीन पिनांची वायर जोडायची. आपला बास ॲक्टिव्ह असल्याने वीज न लागणारा पॅसिव्ह बॉक्स पुरतो. त्यावर ‘ग्राऊंड लिफ्ट’ असे बटण असते. जनरेटरवरची गुरगुर पुष्कळदा ते दाबताच थांबते.

मात्र गुरगुर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा जो प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, तो कृपया कधीही करू नये. गिटारच्या तारांवर हात आणि ओठ माइकला लागले असताना झटका बसलेला गायक मी स्वतः पाहिला आहे. वीस रुपयांच्या माइकच्या फोमने ओठ वाचतात, पण अर्थिंगला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट : बासवादक येतात, आवाज तपासताना हलकेच वाजवतात आणि कार्यक्रमात दुप्पट जोराने. रात्री १० च्या मर्यादेमुळे तपासणीला दहा मिनिटेही मिळत नाहीत, तेवढ्यात आम्ही लावलेली पातळी मग चुकते. ज्या जोराने वाजवणार त्याच जोराने तपासा.

उत्तर : गड्ड्यावरचा_वादक

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तरी त्यावरून ॲम्प अनावश्यक ठरतो, हे मला मान्य नाही. छोट्या समारंभात साऊंडवाला एकच मॉनिटर (कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर) आणतो आणि तो गायकापुढे ठेवतो. अशा वेळी मागे स्वतःचा लहान ॲम्प असला की सूर सापडतो. फक्त तो जमिनीवर पायाशी न ठेवता खुर्चीवर, कानाच्या दिशेला तिरका ठेवावा; पायाशी ठेवलेला ॲम्प घोट्यांनाच ऐकू येतो. खर्जाची लहर आठ-आठ मीटर लांब असल्याने मंचावर दोन पावले सरकले तरी आवाज कमीजास्त होतो, त्यामुळे जागा ठरवताना थोडे फिरून पाहावे. आपल्या कामाला १०० वॅटची गरज नाही, ३०-४० वॅट पुरेत.

आता सोलापूरच्या उन्हाबद्दल, कारण हे पुण्या-मुंबईचे वादक सांगत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे गेल्यावर बंद गाडीत ठेवलेला बास म्हणजे भट्टीत ठेवलेले लाकूड. कोरड्या हवेत बासची मान, म्हणजे तारांखालचा लांब लाकडी दांडा, हलते आणि तारा एकतर फ्रेटवर खडखडतात किंवा बोटे दुखेपर्यंत उंच जातात. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाहावे : तिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. कमीजास्त असल्यास ट्रस रॉड (मानेचा बाक सुधारणारी तिच्या आतली धातूची सळई) पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नये आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे. प्रवासात मी पिशवीवर सोलापुरी चादर दुहेरी गुंडाळतो. लोक हसतात, पण मान जागेवर राहते.

तारांवर दर महिन्याला खर्च करण्याचीही गरज नाही. अमेरिकेतील मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमर्सन सपाट वेटोळ्याच्या तारा वर्षानुवर्षे बदलत नसे. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने घाम पुसावा. आणि वायर काढून ठेवावी, कारण ॲक्टिव्ह बासमध्ये वायर खोचलेली राहिली की नऊ व्होल्टची बॅटरी रात्रभर जळत राहते. पंढरपूरला एका कार्यक्रमात तिसऱ्याच गाण्यात माझा आवाज फाटू लागला आणि शेवटी आमच्या निवेदकाच्या माइकची बॅटरी काढून मला द्यावी लागली. तो निवेदक अजून तो विषय काढतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : खर्ज_जुळेसोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. काल तालमीत कीबोर्डवादकाला डावा हात वर घ्यायला सांगितले. तो जरा नाराज झाला, पण चार गाण्यांनंतर ढोलकवाल्यानेच विचारले की आज नवीन बास आणला का. फ्रेटपाशी कार्ड घालून पाहिले तर दोन कार्डे सहज गेली. डीआय बॉक्स आणि ट्यूनर या आठवड्यात घेतो, उरलेल्या पैशांत लहान ॲम्प बसवतो. एकच शंका आहे : ट्रस रॉड घट्ट करताना तारा सैल कराव्यात का?

उत्तर : गड्ड्यावरचा_वादक

थोड्या सैल कराव्यात, म्हणजे ट्रस रॉडच्या नटवर ताण येत नाही. फिरवून झाल्यावर पुन्हा पूर्ण सुरात लावून मगच फट मोजावी. आणि किल्ली नटमध्ये शेवटपर्यंत बसली आहे ना, ते आधी पाहावे. झिजलेला नट दुरुस्त करायला बास पुण्याला पाठवावा लागतो.