तांदळातले टोके तांदळातूनच जन्मतात का? वर्गात दाखवायचं कसं?

फोंडा_विज्ञान
आठवीची मुलं ठामपणे सांगतात की टोके (धान्यातले सोंडेवाले किडे) तांदळातूनच होतात आणि पहिल्या पावसात मातीचे बेडूक होतात. घट्ट झाकणाच्या डब्यातही टोके निघतात, हा त्यांचा पुरावा. झाकलेल्या मांसात अळ्या होत नाहीत हे दाखवणारा इटलीच्या फ्रान्चेस्को रेडीचा १६६८ चा प्रयोग माहीत आहे, पण वर्गात मांस कुजवायला नको. तांदळावर काही करता येईल?

धान्यकीड
येईल, दोन महिने हाताशी ठेवा. एक किलो सुरय (न उकडलेला) तांदूळ घ्या. उकड्याचा दाणा टणक, त्यात कीड सावकाश वाढते. अर्ध्या अर्ध्या किलोच्या चपट्या पुड्या करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये सात दिवस ठेवा, म्हणजे दाण्यात आधीपासून असलेली कीड आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, दाण्यांना पाणी सुटतं आणि बुरशी धरते.

मग काचेच्या दोन बरण्या, प्रत्येकीत २०० ग्रॅम, तोंडाला दुहेरी मलमल. प्लास्टिकची पिशवी नको, टोके ती पोखरतात. एका बरणीत २५ जिवंत टोके आठवडाभर सोडा, मग पांढऱ्या ताटात तांदूळ पसरून मेलेले धरून सगळे २५ मोजून काढा. एक जरी राहिला तरी मुलं त्याच्याकडेच बोट दाखवतील. आता दोन्ही बरण्या सारख्याच स्वच्छ दिसतात. साधारण पाच आठवड्यांनी टोके सोडलेल्या बरणीतच नवे टोके निघतील. मादी सोंडेने दाणा पोखरते, आत अंडं घालते आणि भोक चिकट बुचाने बंद करते. अळी आतच वाढते. घट्ट डब्याचं कोडं ते हेच.

गोठवलेला आणि न गोठवलेला तांदूळ समोरासमोर ठेवू नका. ‘थंडीने तांदळातली शक्तीच मेली’ असं कोणी म्हटलं तर उत्तर उरत नाही. अठराव्या शतकात स्पॅलांझानी या शास्त्रज्ञाने रस्सा उकळून बंद केला आणि त्यात जीव झाले नाहीत, तेव्हा जीव आपोआप होतात असं मानणाऱ्या नीडहॅमने हाच आक्षेप घेतला होता. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरने उकळलेला रस्सा बाकदार नळीच्या भांड्यात ठेवला; त्या नळीतून हवा मोकळी जात होती, फक्त धूळ वळणात अडकत होती, म्हणून तो वाद मिटला.

फोंडा_विज्ञान
फ्रीजरऐवजी ऊन चालेल?

धान्यकीड
नाही. उन्हात किडे पळतात, दाण्यातली अंडी मरतीलच याचा भरवसा नाही.

पोथीवाचक
मुलांना हेही सांगा की ही समजूत अडाणीपणाची नव्हे. ऐतरेय उपनिषदात जिवांचे अंडज (अंड्यातून), जारुज (गर्भातून), स्वेदज (घामातून), उद्भिज्ज (जमीन फोडून होणारे) असे चार प्रकार आहेत. उवा-ढेकूण घामातून होणारे, म्हणजे स्वेदज मानले गेले. छांदोग्य उपनिषदात मात्र तीनच प्रकार आहेत, स्वेदज नाहीच. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलही काही प्राणी चिखलातून होतात असं मानत होता.

सड्यावरचा
बेडकांचं सोपं आहे: उन्हाळाभर ते जमिनीत दडून असतात, पावसाच्या ओलीने बाहेर येतात. शेतात अचानक दिसणारे मासेही आकाशातून पडत नाहीत. ते चढणीचे, ओहोळातून उलटे चढून अंडी घालायला आलेले. पहिल्या पावसानंतर मुलांना बांधाच्या तोंडाशी उभं करा, पाण्याच्या पातळ पट्टीत कुशीवर होऊन सरपटणारा मासा दिसेल. बेडूक मात्र पकडू देऊ नका, कायद्याने बंदी आहे.

आणि एक गल्लत टाळा. टोके टोक्यांपासूनच होतात हे या बरण्या दाखवतात. पृथ्वीवर पहिला जीव कसा झाला, हा प्रश्न पाश्चरनेही सोडवलेला नाही.