याकोबाचे पत्र आपण टाळतो का?

शरणपूरकर

या जानेवारीत, पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागेच्या कामाला आलेल्या एका बाईच्या तापाने फणफणलेल्या मुलासाठी आमच्या प्रार्थनागटाने अर्धा तास मनापासून प्रार्थना केली आणि आम्ही स्वेटर-मफलर सारखे करून घरोघरी परतलो. ते पोर ताडपत्रीखाली, एका विरलेल्या गोधडीत राहिले. दुसऱ्या दिवशी बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचताना, उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे’ एवढेच सांगून निघणाऱ्यांत मला मीच दिसलो. प्रेषित पौल म्हणतो, मनुष्य नियमशास्त्राच्या (मोशेच्या नियमांच्या) कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो (रोमकरांस पत्र ३:२८). याकोब म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे, तर कृतींनी ठरतो (२:२४). माझ्या मते हा विरोध खरा आहे आणि आपण पौलाच्या आडोशाला बसून याकोबाला चुकवतो.

जेलरोडकर

आपली खंत रास्त आहे, निष्कर्ष मान्य नाही. पौलाचा वाद दानधर्माशी नव्हता. परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, आधी सुंता करावी, या आग्रहाशी होता. म्हणून तो दाखवतो की यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम विश्वासामुळे नीतिमान गणला गेला उत्पत्ती या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात आणि सुंतेची आज्ञा आली १७व्यात. माझे वडील पक्षाघाताने अकरा महिने अंथरुणाला होते. वाचा गेली होती, घास भरवताना ते डाव्या हाताने माझे मनगट धरून ठेवत. त्यांच्या नावे कोणती कृती मांडायची? येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या, नंदनवनाचे वचन मिळालेल्या चोराकडे तरी काय होते?

शरणपूरकर

त्या चोराचे हात जखडलेले होते, तरी मोकळ्या राहिलेल्या जिभेने त्याने दुसऱ्या चोराला दटावले (लूक २३:४०). आपल्या वडिलांकडे कोणी हिशेब मागणार नाही, याकोब तर नाहीच. तो धडधाकटांशी बोलतो आहे. अब्राहामाचे तेच वचन घेऊन तो २२व्या अध्यायापर्यंत, अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला निघाला त्या वेदीपर्यंत जातो, कारण त्या विश्वासाचे पुढे काय झाले हे त्याला पाहायचे आहे.

गोदाकाठ

प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२च्या जर्मन नव्या करारात रोम ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द घातला, मुळात तो नाही. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी येतात, तेही याकोबाच्या नकारात. तरीही १९९९ साली आउग्सबुर्ग येथे लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतील) व कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: देवाकडून स्वीकार कृपेनेच, आपल्या पुण्याईने नव्हे, आणि तीच कृपा सत्कृत्यांसाठी सिद्ध करते.

जेलरोडकर

आधी कृपा, मग कृती, हाच क्रम मला महत्त्वाचा वाटतो (इफिसकरांस पत्र २:८–१०). तो उलटला, की समोरचा गरीब आपल्या पुण्याचे साधन होतो, आणि गोधडी देतानाही आपली नजर स्वतःवरच राहते.

शरणपूरकर

क्रम मान्य, पण त्याच रोमकरांस पत्राच्या १५व्या अध्यायात पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पोचवायला निघालेला दिसतो. आमच्या गटात तिसरा अध्याय अनेकदा झाला, १५वा मला एकदाही आठवत नाही. ते कुटुंब आता दुसऱ्या बागेवर गेले आहे. कोणत्या, हे आमच्यापैकी कोणी विचारलेच नव्हते.