४२९४९६७२९७ मूळसंख्या नाही
एकांनी २^३२ + १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही मूळसंख्या असल्याचं लिहिलंय. फर्मा या फ्रेंच गणितज्ञालाही तसंच वाटलं होतं! पण ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्ये ६४१ हा भाजक काढला, दुसरा ६७००४१७.

गंमत म्हणजे हे पडताळायला लांबलचक भागाकार लागत नाही. ६४१ = ५×२^७ + १, म्हणून ६४१ ने भागल्यास ५×२^७ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी). चौथा घात घ्या, ५^४×२^२८ ची बाकी १. आता ६४१ = ५^४ + २^४ हेही खरं (६२५ + १६, तोंडी करून बघा), म्हणून ५^४ च्या जागी −२^४ चालतं. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

पण ६४१ च का सुचावा? या संख्येचा प्रत्येक मूळ भाजक ६४क + १ (क ही पूर्णसंख्या) अशाच रूपाचा असतो. अशा मूळसंख्या ओळीने तपासा: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचव्या फटक्यात ६४१.